गवळणीतली मावशी

आमच्या आजोळी चैत्रात भैरोबाची यात्रा भरते. लहानपणी त्या रात्री आजीच्या ओसरीवर बसले की दोन बाजूंनी दोन गवळणी ऐकू यायच्या. देवळाकडून आजोबांच्या भजनी मंडळाची, पखवाजाच्या संथ ठेक्यावर चाललेली नाथांची गवळण. आणि ओढ्यापलीकडच्या मोकळ्या वावरातून, कनातीवर टांगलेल्या कर्ण्यातून, ढोलकी-हलगीच्या कडकडाटात येणारी तमाशाची गवळण. दोन्हींतला कृष्ण एकच, यमुनेचा काठ एकच आणि मथुरेच्या बाजाराची वाटही तीच. आजोबा माळकरी होते आणि तमाशाच्या दिशेने तोंडही करायचे नाहीत. आजी मात्र खांबाला टेकून वाती वळत बसलेली असायची, आणि कर्ण्यातून मावशीचा खणखणीत आवाज आला की पदराचा बोळा तोंडाशी धरून हसायची. भजन आटोपून आजोबांच्या वहाणा अंगणात वाजल्या की ते हसू थांबायचे. त्या घरात मावशीबद्दल दोन मते होती आणि त्यातले एकच उघड बोलले जायचे.

ज्यांनी कनातीतला तमाशा कधी पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी ही मावशी कोण ते सांगायला हवे. आधी गण, म्हणजे गणपतीचे स्तवन होते, मग गवळण. गवळणी दूध, दही, लोणी घेऊन मथुरेच्या बाजाराला निघालेल्या असतात, त्यांच्यात वडीलधारी म्हणून मावशी असते, आणि वाटेत कृष्ण व त्याचा सवंगडी पेंद्या आडवे येऊन वाट सोडण्याबद्दल दान मागतात. गोष्ट एवढीच. बोर्डावर, म्हणजे तमाशाच्या मंचावर, मडके नसते, दूध नसते, नदीही नसते. डोक्याशी हात नेला की मडके झाले आणि लुगड्याचा काठ दोन बोटांनी उचलला की नदी झाली. मावशीचे काम पुरुष करतो. थोडे गाणे, मग बोलणे, मग पुन्हा गाणे, असा हा सगळा खेळ पुढे सरकतो. त्यातला बोलण्याचा भाग निदान पूर्वी तरी लिहिलेला नसायचा. सांगाडा परंपरेने आलेला असायचा, आणि त्यावरचे मांस त्या त्या गावातून मिळायचे. तमाशाची गाडी दुपारी गावात आली की मावशीचे काम करणारा कलावंत चहाच्या टपरीवर बसून गावाची चौकशी करायचा, आणि रात्री तीच चौकशी मावशीच्या तोंडून बाहेर पडायची.

मी पहिल्यांदा कनातीत गेले ते अकरावीत असताना. मामा यात्रा कमिटीत होता, म्हणून मला आणि मामीला कडेच्या दोन खुर्च्या मिळाल्या. त्या रात्रीचा एक तुकडा मला आजही जसाच्या तसा आठवतो.

“कर द्या आन् मग म्होरं जावा,” पेंद्या म्हणाला.

“कसला रं कर?”

“रस्त्याचा.”

“रस्ता?” मावशीने खाली पाहिले, लुगड्याचा काठ हळूच उचलला आणि पाण्यात चालल्यासारखे एक पाऊल टाकले. “आरं, त्यो गेल्या पावसाळ्यात वाहून गेला. आमी वढ्यातनं चाललोय. वढ्यानं कर मागितला तर वढ्याला दिऊ. तुला कशापायी?”

शेवटच्या शब्दावर ढोलकीची एक थाप पडली, हलगीने ती उचलली, आणि मग कनात फुटली. आमच्या ओढ्यावरचा पूल खरोखरच दोन वर्षे अर्धवट पडला होता. पुढच्या रांगेत गावचे कारभारी बसले होते आणि सगळी कनात मान वळवून त्यांच्याकडे बघत हसत होती. अखेर त्यांनाही हसावे लागले. मला त्या वेळी जे जाणवले, ते आजही मी या प्रकाराचे मर्म मानते. ते वाक्य ग्रामसभेत कोणी बोलला असता तर त्याला खाली बसवले असते. मावशी ते बोलली, कारण ती म्हातारी होती, बाई होती, सोंग होती आणि देवाच्या सवंगड्याशी भांडत होती. आणि त्या वाक्याचा अर्धा वाटा ढोलकीचा होता. विनोद कुठे संपतो आणि हसण्याला किती जागा द्यायची, हे ढोलकीवाल्याला मावशीइतकेच नेमके कळावे लागते. थाप अर्धा क्षण आधी पडली असती तर ‘कशापायी’ ऐकूच आले नसते.

घरी परतल्यावर आजोबा माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. पुढे बऱ्याच वर्षांनी मी त्यांना स्पष्ट विचारले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “देवाला हसण्यावारी नेऊ नये.” मला ते उत्तर तेव्हा पटले नाही, कारण याच आजोबांना नाथांचे भारूड प्राणाहून प्रिय होते. भवानीआईला रोडगा कबूल करून सासरा, सासू, दादला एकेकाचा काटा काढायला सांगणारी ती सून आमच्या देवळात दरवर्षी एक मिशीवाला टाळकरी डोक्यावर पदर घेऊन उभी करायचा, आणि आजोबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे. पुरुष बाई झालेला, संसाराची टिंगल चाललेली, वर गाणे आणि टाळ. मग कनातीतच काय बिघडले? मी याला बरीच वर्षे दुटप्पीपणा म्हणत असे. आता म्हणत नाही. भारुडात शेवटी ‘एका जनार्दनी’ येते, गाणारा वळतो आणि आतला अर्थ हाती देतो. ऐकणाऱ्याचे हसू देवाच्या पायाशी जाऊन पोचते. मावशी मात्र हसू ज्याचे त्याच्याकडे ठेवून निघून जाते. आजोबांना त्या निराधार हसण्याची भीती वाटत होती, आणि ती भीती प्रामाणिक होती असे मला वाटते.

तरीही देऊळ आणि फड यांच्यामध्ये त्यांनी घातलेली भिंत खरी नव्हती. ते रोज पहाटे विहिरीवर स्नान करताना ‘घनश्याम सुंदरा’ ही भूपाळी म्हणायचे. ती रचणारा होनाजी हा उत्तर पेशवाईतला तमाशाच्या फडाचा शाहीर, आणि जातीने गवळीच. बाळा करंजकराबरोबर तो फडात उभा राहायचा, म्हणून होनाजी बाळा हे जोडनाव झाले. शृंगाराच्या लावण्या ज्या लेखणीतून उतरल्या, तीतूनच ही भूपाळीही उतरली आणि माजघरात जाऊन बसली. हे मी आजोबांना कधी सांगितले नाही. सांगायला हवे होते असे आता वाटते. त्यांना राग आला असता, पण त्यांनी ऐकून घेतले असते.

आजोबांचा आक्षेप घरापुरता होता. सरकारचा आक्षेप पुष्कळ लांबवर पोचला. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८च्या सुमारास, खेर मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. पोटावर पाय आलेल्या कलावंतांनी दाद मागितली आणि बंदी उठली. पण खेळाची संहिता आधी तपासून घ्यायची अट मागे राहिली. या अटीचा मी पुष्कळदा विचार केला आहे. जे बोलणे दुपारी टपरीवर जन्माला येते आणि रात्री बोर्डावर संपते, ते महिनाभर आधी कागदावर लिहून साहेबापुढे कसे ठेवायचे? वग, म्हणजे शेवटचे कथानाट्य, लिहून देता येईल, गणही देता येईल. ओढ्याचा कर कसा लिहून देणार? अट चावटपणासाठी होती हे मान्य केले, तरी तिच्या कात्रीत आधी सापडला असेल तो पूल, तो तलाठी, तो कारभारी. त्याच काळात अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने तमाशाचा सांगाडा कामगारांच्या चळवळीसाठी वापरला होता, आणि ‘तमाशा’ या शब्दालाच अडवणूक होऊ लागल्यावर ‘लोकनाट्य’ हा शब्द रूढ होत गेला.

या नव्या नावाने मात्र एक मोठे काम केले. जो मध्यमवर्ग कनातीकडे फिरकत नव्हता, तो तिकीट काढून लोकनाट्याला जाऊ लागला. वसंत सबनीसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ १९६५ साली रंगभूमीवर आले, दादा कोंडके त्यातला हवालदार झाले आणि त्याचे हजारावर प्रयोग झाले. मुंबईला दिलेल्या माझ्या मोठ्या मावशीने ते दोनदा पाहिले होते. तीच मावशी आजोळच्या यात्रेत तमाशाचे नाव निघाले की नाक मुरडायची. नाट्यगृहातल्या गवळणीत तिला कृष्ण-पेंद्याची गंमत दिसत होती. वावरातल्या गवळणीत दिसत होता तो फक्त पुरुषांचा घोळका. पुढे दादा कोंडक्यांचे चित्रपट आले तेव्हा आमच्या घरातली मते पुन्हा फाटली. मामा त्यांना लोकांचा नट म्हणायचा, बाबा चित्रपटाचे नावही घरात उच्चारू द्यायचे नाहीत. मी या वादात मामाच्या बाजूची आहे, पण सरसकट नाही. द्व्यर्थी बोलण्याला दोन अर्थ तरी असायला हवेत, ही माझी साधी अपेक्षा आहे. वरचा अर्थ धडधाकट असला, त्याच्यावर उभे राहता आले, की खालचा अर्थ चोरपावलांनी येतो आणि ऐकणारा स्वतःच्या मनाला धरूनच हसतो. वरचा अर्थ नुसता नावाला असला की उरते ती केवळ शिवी.

इथवरची मते देवाची, सरकारची आणि अभिरुचीची झाली. ज्या मतापुढे माझे कौतुक खरोखर अडखळले, ते मला नोकरीच्या ठिकाणी भेटले. माझी एक सहकारी आहे. तिच्या वडिलांची सख्खी आत्या तमाशात होती. एकदा डबा खाताना मी मोठ्या उत्साहाने ओढ्याच्या कराची गोष्ट सांगितली. बाकीचे हसले, ती हसली नाही. ती म्हणाली, “तुम्हाला मावशी दिसते. मला तिच्यामागे रांगेत उभ्या असलेल्या बायका दिसतात. त्या रांगेत आमची आत्या होती, आणि तिला वाक्य नव्हते.”

तिच्या घरात तमाशाचे नाव काढायचे नाही असा नियम होता, आणि तो आजोबांच्या नियमाहून अगदी वेगळ्या कारणाने होता. फडात नाचणाऱ्या आणि वाजवणाऱ्या बहुतेकांचे घर महार, मांग, कोल्हाटी वस्तीत होते, आणि पैसे उधळणारा हात बहुधा वरच्या आळीतला होता. शाहीर पठ्ठे बापूराव म्हणजे मूळचे श्रीधर कुलकर्णी, रेठरे हरणाक्षचे. जात सोडून ते फडात आले आणि नर्तकी पवळेबरोबर त्यांनी महाराष्ट्र गाजवला. महाडच्या सत्याग्रहाच्या काळात बापूरावांनी आपल्या खेळांचे उत्पन्न देऊ केले, तेव्हा बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या समाजाच्या स्त्रियांना नाचवून मिळालेला पैसा नको म्हणून ते नाकारले, असे अनेकांनी नोंदवून ठेवले आहे. ही हकिकत मला ठाऊक होती, पण ती मी आजवर वाचलेली गोष्ट म्हणून सांगत होते. सहकारिणीच्या डब्यासमोर ती वेगळी वाटली. तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांची गोष्टही तशीच. खेळ चालू असताना त्या बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, असे सांगतात, आणि आम्ही सगळे ते कलेवरच्या निष्ठेचे उदाहरण म्हणून ऐकत आलो. सहकारी म्हणाली, “त्या रात्री खेळ थांबवता का आला नाही, हे कुणी विचारतं का?” मी कधी विचारले नव्हते.

मी मग काही दिवस असे मानून टाकले की हा प्रकारच संपलेला बरा. पण ते मतही टिकले नाही, आणि ते तिनेच मोडले. तिच्या आजोबांच्या तोंडून ऐकलेल्या जलशांबद्दल, म्हणजे तमाशाच्या धर्तीवरच्या प्रबोधनाच्या खेळांबद्दल, ती एकदा आपणहून बोलू लागली. १९३०च्या दशकात नाशिककडच्या भीमराव कर्डकांसारख्या मंडळींनी आंबेडकरी जलसे उभे केले, तेव्हा त्यांनी नाचणारी बाई काढली, शृंगाराची लावणी काढली, पण प्रश्नोत्तराचा विनोद ठेवला. त्याआधी सत्यशोधकांच्या जलशांनीही तेच केले होते. बोर्डावर आता सावकार, भटजी, पाटील आले, आणि त्यांना टोकणारा सोंगाड्या तसाच राहिला. आपल्या दहा सभा आणि कर्डकांचा एक जलसा सारखाच, असे बाबासाहेब म्हणाल्याचे सांगतात. म्हणजे ज्यांनी तमाशाचा पैसा नाकारला, त्यांनीच तमाशातली उलट उत्तर देण्याची रीत आपल्या माणसांच्या हाती ठेवली. तिच्या घरात नकार होता तो हसण्याला नव्हता. ज्यात आत्याला वाक्य नाही, अशा हसण्याला होता.

हे लक्षात आल्यावर मी एका जुन्या आठवणीकडे नव्याने पाहिले. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावच्या यात्रेत, दुसऱ्या एका फडाची गवळण मी पाहिली होती. मावशीचे काम करणारा तरुण चलाख होता, आवाज मोकळा होता. पण पेंद्याशी त्याचे भांडण दोन मिनिटांत संपले आणि त्याने मागे उभ्या असलेल्या गवळणींपैकी एका सावळ्या, अंगाने भरलेल्या मुलीला पुढे ओढले. मग तिच्या रंगावर, तिच्या कमरेवर, तिच्या बसण्यावर एकामागून एक वाक्ये येत राहिली. पुढचे टोळके शिट्ट्या मारत होते. त्या मुलीने चेहऱ्यावर ठरलेले हसू ठेवले होते आणि एका हाताने ती ओढणीची पिन सारखी चाचपत होती. पेंद्याला उत्तर देणारी मावशी मी पाहिली होती. इथे मावशीच पेंद्या झाली होती, आणि समोर उत्तर द्यायला कोणी नव्हते. ढोलकी तीच, थापही तितकीच नेमकी. तेव्हा मी नुसते ‘आज रंगले नाही’ असे म्हणून उठले होते. काय बिघडले ते मला सांगता आले नव्हते.

कोणी म्हणेल की हे आजकालचे झाले, पूर्वी असे नव्हते. मला तसे म्हणवत नाही. पूर्वीही असणार, आत्या पूर्वीचीच होती. मात्र एक गोष्ट खरोखर बदलली आहे आणि ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. मामाबरोबर एकदा मी नारायणगावला गेले होते. पाडव्याच्या आधी तिथे फडांच्या राहुट्या लागतात, आणि गावोगावचे पंच येऊन आपल्या यात्रेची तारीख सांगून सुपारी देतात. मामा एका राहुटीत सतरंजीवर बसला आणि त्याने विचारले, “गण-गवळण किती वेळ?” समोरचा व्यवस्थापक वहीतून मान वर न काढता म्हणाला, “तुम्ही म्हणाल तसं. दहा मिनिटं बी करू. पब्लिकला गाणी पायजेत.” आधीची गिऱ्हाइके सिनेमाची गाणी किती, नवीन पोरी किती, एवढेच विचारून गेली होती. दहा मिनिटांत भांडण उभे राहत नाही. गावाची चौकशी करायची, ती खेळात पेरायची, पेंद्याला तीन वेळा वर येऊ द्यायचे आणि चौथ्या वेळी खाली पाडायचे, याला अर्धा-पाऊण तास लागतो. वेळ कापला की आधी जातो तो सवाल-जबाब, आणि हाताशी राहते ते सगळ्यांत झटपट हसवणारे, म्हणजे कुणाचा तरी रंग आणि कुणाची तरी कंबर. मामाने त्या दिवशी हट्टाने तासभर गवळण ठरवून घेतली आणि त्यासाठी सुपारी थोडी वाढवूनही दिली. पुढे २०२० आणि २०२१च्या यात्रा टाळेबंदीत गेल्या, आणि त्या दोन वर्षांत कितीजणांनी ढोलकी खुंटीला टांगून रोजंदारी धरली असेल, या विचाराने आजही पोटात खड्डा पडतो.

मामाने ठरवलेल्या त्या खेळाला मी सहकारिणीला घेऊन गेले. ती येईल असे मला वाटले नव्हते. आजोबा तेव्हा हयात नव्हते, आजी होती, आणि तिने आम्हा दोघींना ओसरीवरून निरोप देताना “मावशी काय बोलली ते नीट ध्यानात ठेवून या” असे बजावले. मावशीचे काम करणारा कलावंत साठीचा होता. त्याने पेंद्याला वीजबिलावरून धरले, पीकविम्यावरून धरले, आणि मध्येच कृष्णाने एका गवळणीची खोडी काढली तेव्हा ती गवळण स्वतः पुढे येऊन म्हणाली, “देवा, तुमच्या घरी गाई हाईत, मग आमचं दूध कशाला अडवता? का तुमच्याकडच्या सगळ्या भाकड हाईत?” ढोलकीची थाप पडली आणि कनात फुटली. मी शेजारी पाहिले. सहकारी हसत होती, पण मोठ्याने नाही.

खेळ संपल्यावर मामा आम्हाला मागे रंगपटात घेऊन गेला. पत्र्याच्या पेटीवर आरसा टेकवून तो कलावंत खोबरेल तेलाने रंग उतरवत होता. अर्धा चेहरा मावशीचा राहिला होता, अर्धा त्याचा स्वतःचा झाला होता. मी कौतुक करू लागले, तेव्हा त्याने ते हाताने बाजूला सारले आणि माझ्या सहकारिणीकडे पाहिले.

“तुमी तिसऱ्या रांगेत कडंला होता न्हवं?” तो म्हणाला. “सुनंच्या वाक्याला समदे हसले, तुमी न्हाई हसला.”

ती गडबडली. ते वाक्य मला आठवतही नव्हते. सुनेच्या माहेरावरून काहीतरी होते. तिने थोडा वेळ घेतला आणि सांगितले की ते वाक्य तिला लागले, आणि का लागले तेही सांगितले. त्याने तेलाचा बोळा खाली ठेवून सगळे ऐकून घेतले. मग तंबूच्या कनातीपलीकडे हाक मारून त्याने पेंद्याला बोलावले आणि म्हणाला, “उद्याच्या हजेरीच्या खेळात ते माहेरचं काढ. त्या जागी वीजबिलाचं लांबवू.”